घाटावरच्या बाईचं कार्ड

“कुणाला सांगितलं तर पटायचं नाही, पण जर्मनीची ती मोठी लढाई माझ्या एका पत्रावरून लागली,” मल्लप्पा म्हणाला आणि मांडीवरच्या बिस्किटाच्या डब्याचं झाकण नखांनी उचकटू लागला. झाकण गंजून घट्ट बसलं होतं. त्यानं डबा कुशीवर वळवला, कडेवर अंगठ्यानं दोनदा ठोकलं आणि पुन्हा लढाईकडे वळला. झाकण उघडायची घाई असलीच तर ती दुसऱ्या कुणाला असेल, त्याला नव्हती.

केराबाई दाराच्या आत ताठ बसली होती. लढाईशी तिला काही घेणं नव्हतं. लढाई लागली तेव्हा ती गिरणीत सूत गुंडाळत होती आणि संपली तेव्हाही सूतच गुंडाळत होती. तिला त्या डब्यातलं एक कार्ड बघायचं होतं. त्यासाठी बाळीवेशीतल्या ह्या माडीचा जिना ती तिसऱ्यांदा चढली होती. पहिल्या खेपेला म्हाताऱ्यानं सांगितलं, असलं कार्ड कधी निघालंच नाही. दुसऱ्या खेपेला सांगितलं, निघालं होतं, पण माझ्याकडे नाही. आज तिनं काही विचारलंच नाही. आल्या आल्या दारात फतकल मारली.

“अण्णा, कार्ड बघितल्याबिगार मी उठायची न्हाय. तुमी जेवा, झोपा, काय बी करा. मी हितंच हाय.”

तेव्हा कुठं फडताळावरचे डबे खाली आले.

तिच्यापासून हातभर अंतर राखून जोतीराम बसला होता. एकोणतीस वर्षांचा, अंगानं भरलेला, पटका काढून मांडीवर ठेवलेला. तो तिचा मुलगा. पण काल संध्याकाळी सांगोल्याहून आल्यापासून त्यानं तिला एकदाही आय म्हटलं नव्हतं. गिरणीची पाळी सुटत होती, बायकांचा लोंढा दारातून बाहेर पडत होता, आणि त्या पन्नास बायकांच्या देखत ह्या बाप्यानं तिच्यासमोर उभं राहून विचारलं होतं, “केराबाई म्हंत्यात त्या तुमीच का, बाई?” तिनं त्याला चालण्यावरून लांबूनच ओळखलं होतं. बाप तसाच चालायचा, एक खांदा पुढं टाकून. तरी ती एवढंच म्हणाली, “व्हय. मीच ती.”

नवरा प्लेगात गेला तेव्हा हा पोर तीन वर्षांचा होता. त्या साली पाऊस नव्हता, घरात तोंडं फार. थोरल्या दिरानं, रामहरीनं, तिला सोलापूरला गिरणीत धाडलं आणि पोर घरी ठेवून घेतलं. दोन वर्षं बरी गेली. सणाला ती गावी जायची, अंगडं-टोपडं न्यायची, पोर तिच्या कडेवरून उतरायचं नाही. मग एका पंचमीला ती गेली तर रामहरी वेशीतच आडवा.

“पाट लावलास नव्हं? मग आल्या वाटंनं परत फिर. पोरगं आमच्या भावाचं हाय.”

विधवेनं पाट लावला, दुसऱ्याच्या घरात गेली, की पहिल्या नवऱ्याचं पोर नवऱ्याच्या घरी राहतं; आईचा त्याच्यावर हक्क उरत नाही. ही रीत तिला ठाऊक होती. तिच्या सख्ख्या मावशीनं तशीच दोन पोरं मागं ठेवली होती. पण मावशीनं पाट लावला होता! केराबाईनं कुणाकडे मान वर करून बघितलंही नव्हतं.

“कुणी सांगितलं तुमास्नी?”

“सांगाय कशाला पायजे? समद्या भावकीनं डोळ्यांनी बघितलंय तुजं कुंकू.”

तिनं आपल्या कपाळावरून हात फिरवला होता. कपाळ पांढरंच होतं. ती ओरडली, रडली, शिवारातल्या देवाची शपथ घेतली. काही उपयोग झाला नाही. चोवीस वर्षं झाली ह्याला. ह्या चोवीस वर्षांत कुठलं कुंकू, कुणी बघितलं, कसं बघितलं, हे तिला कुणी धडपणे सांगितलं नाही. ती वर्षानुवर्षं सुताच्या साच्यासमोर उभी राहून त्या कुंकवाचा विचार करायची, आणि तिचा दात आपोआप दातावर बसायचा.

यंदा गिरणीनं बायका कमी करायला घेतल्या. त्यातच रामहरी वारल्याचं कळलं. तिनं सांगोल्याच्या गाडीवानाबरोबर निरोप धाडला: आता घरी येऊ का? पंधरा दिवसांनी गाडीवान उत्तर घेऊन आला. देताना बिचारा तिच्याकडे न बघता बैलाच्या शिंगाकडे बघत होता. “जोतीराम म्हनला, तुमचं कुंकू कार्डात छापून आल्यालं आमी बघितलंय. ज्याच्या नावानं लावलं त्याच्या घरला जावा.”

कार्डात! तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. सिद्धेश्वराच्या तळ्याचा घाट. सकाळची वेळ. ती घागर भरून वर येत होती आणि तीन पायांच्या घोड्यावर ठेवलेल्या पेटीमागं, काळ्या फडक्यात डोकं खुपसून कुणी माणूस वाकला होता. “बाई, जरा थांबा,” असं दुसरा कुणी म्हणाला होता. ती थांबली होती. तेवढंच. घागर कमरेला होती, कपाळ पांढरं होतं.

मग तिनं सोलापुरातली फोटोची दुकानं पालथी घातली. सगळ्यांनी एकच नाव सांगितलं: मल्लप्पा. चाळीस वर्षं फोटोच्या दुकानात काढलेला माणूस. तिवई वाहिली, काचा धुतल्या, आणि आताही घरबसल्या मेलेल्या माणसांच्या फोटोंत रंग भरून देतो. ह्या जिल्ह्याचं चित्राचं कार्ड निघालं आणि मल्लप्पाच्या डब्यात गेलं नाही, असं झालेलं नाही.

तिनं जोतीरामला उलट निरोप धाडला: ये, आणि माझ्या तोंडावर ते कार्ड दाखव. तो आला. का आला ते त्यानं सांगितलं नाही.

“तर पत्र,” मल्लप्पा म्हणाला. कपाळावरच्या विभूतीच्या तीन पट्ट्या त्यानं भुवया उंचावून आणखी वर नेल्या. “मी ते त्यांच्या बादशहालाच लिहिलं. कानडीत.”

“कानडीत?” जोतीरामच्या तोंडून निघून गेलं.

“मग? रागात माणूस आपल्याच भाषेत लिहितो की. तिथं त्यांनी काशीचा पंडित बसवलाय, तो वाचून दाखवतो. पंडितानं वाचलं, बादशहा लाल झाला, आणि तीन महिन्यांत तोफा सुरू. मी एवढंच लिहिलं होतं, की रंग येत नसेल तर ब्रश खाली ठेव.”

“अण्णा,” केराबाई म्हणाली, “झाकण.”

“उघडतो की, तंगी! लहान भैणीसारखी आहेस म्हणून ऐकून घेतोय.” त्यानं पडवीतून उलथनं आणलं आणि झाकणाच्या फटीत घातलं. “आधी ऐक तरी, नाहीतर कार्ड बघून कळायचं काय तुला? आमचं दुकान इथं. फोटो इथं काढायचा. काच पेटाऱ्यात भुश्यात घालून मुंबईला, तिथून बोटीनं जर्मनीला. छापखाना तिथं. इथून काय जायची? काळी-पांढरी काच. तिथून काय यायचं? रंगीत कार्ड. मधे रंग कुणी भरला? त्यांनी! त्यांनी सोलापूर बघितलंय? ह्या तळ्याचं पाणी कुठल्या रंगाचं ते त्यांच्या सात पिढ्यांना ठाऊक आहे?”

झाकण फट्कन उडालं आणि पलीकडे जाऊन गोल गोल फिरत पडलं. डब्यात कार्डं उभी रचलेली होती, पानाच्या टोपलीत पानं असतात तशी. मल्लप्पानं एकेक काढून सतरंजीवर मांडायला घेतलं. प्रत्येक कार्डाला तो दोन बोटांनी कडेलाच धरत होता.

“हा किल्ला. काळाकुट्ट दगड. ह्यांनी कसा केलाय? गुलाबी! लग्नाचा मांडव आहे का हा? ही गिरणीची चिमणी. धूर बघ, पिवळा. धुरात हळद घातलीय. ह्या सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या मानाच्या काठ्या. काठी धरणाऱ्या माणसाच्या अंगातली बाराबंदी पांढरी असते, हे इथलं नागडं पोर सांगेल. ह्यांनी एकाला हिरवी, एकाला तांबडी, आणि हा पुढचा, हा माझा चुलतभाऊ, त्याला जांभळी घातली. तो मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. आणि हा अक्कलकोटचा हत्ती.” त्यानं आवाज खाली आणला. “हे कार्ड मला एका साहेबाच्या खानसाम्यानं दिलं. त्याला मी त्याबदली अंडी घालणारी कोंबडी दिली. घरात जी भांडणं झाली ती हिला विचारा.” त्यानं भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे बोट केलं. त्या फोटोतल्या म्हातारीचे गालही त्यानं चांगले गुलाबी केले होते.

“विजापूरच्या घुमटाचं कार्ड एकानं फुकट द्यायला आणलं,” तो पुढं म्हणाला. “मी म्हटलं, उचल. पलीकडच्या जिल्ह्याचं माझ्या घरात नको. करमाळ्याच्या देवळाच्या पायऱ्या आहेत माझ्याकडे, तुझ्या सांगोल्याचा बाजार आहे—”

केराबाईनं तळहात जमिनीवर आपटला. मांडलेली कार्डं जागच्या जागी उडाली.

“तुमच्या हत्तीचा रंग गेला चुलीत!” ती म्हणाली. “माजं पोर गेलं, अण्णा. ह्यो हितं बसलाय नव्हं, ह्यो. ह्याचे दात पडले, आले, मिशा फुटल्या, लगीन झालं, मला बोलवणं न्हाय. ह्याच्या लेकराचं नाव काय ठेवलं ते मला गाडीवानाला इच्चारावं लागलं. दोनदा मी तुमच्या दारात आले. दोनदा तुमी मला खोटं सांगून लावून दिली. आन् आता मला हत्ती दाखवताय?”

मल्लप्पाचा हात डब्यावर थांबला. जोतीराम पटक्याची एक घडी सोडून पुन्हा घालत होता.

“बाई, तुमी वरडू नगा,” तो म्हणाला. “कार्ड हाय का न्हाय तेवढं हुं द्या. मला सकाळच्या गाडीनं जायाचंय.”

“बाई!” ती त्याच्याकडे वळली. “मी कुणाची बाई रं? गावाची? तुज्या चुलत्यानं एक कागद बघितला आन् तुमी समद्यांनी मान हालवली. एकाला बी सोलापूरला येऊन बघावं वाटलं न्हाय? अरं, बैल इकत घेताना बी मान्सं दात बघत्यात.”

त्याचे कान लाल झाले.

मल्लप्पा उठला. उठताना गुडघ्यावर हात ठेवून ‘शिवा, शिवा’ म्हणाला. तो फडताळापाशी गेला, तिथल्या सगळ्यात वरच्या फळीवर, डब्यांच्याही मागं हात घातला आणि एक लाल फडक्याचं गाठोडं काढून आणलं. तिच्यासमोर बसून त्यानं गाठ सोडली.

आत कार्डांचा गठ्ठा होता. वीतभर उंच. तो त्यानं पत्त्यांसारखा पसरला आणि केराबाईला दिसलं, की सगळी कार्डं एकच होती. तीच पायरी, तेच पाणी, कमरेला तीच घागर. एक बाई, परत परत तीच बाई, हिरव्या बांगड्यांची, कपाळावर लाल. अंतरावरून तिला एवढंच दिसलं. सुताच्या धाग्यांनी तिचे डोळे कधीच अधू केले होते.

“बाकी सगळी कार्डं एकेक,” मल्लप्पा म्हणाला. त्याचा आवाज आता वेगळा येत होता, हत्तीच्या वेळचा नव्हता. “हीच तेवढी गठ्ठ्यानं. पोरा, नीट ऐक. त्या सकाळी घाटावर मी होतो. तिवई मी धरली होती. ‘बाई, जरा थांबा,’ म्हणणारा मीच. हिचं कपाळ पांढरं होतं. हातात काकण नव्हतं. माझ्या ह्या डोळ्यांनी बघितलंय. काच जर्मनीला गेली, आणि आली ती ही अशी. त्या लोकांना काय ठाऊक, आपल्याकडे बाईच्या कपाळाला काय अर्थ असतो? हिंदुस्थानची बाई म्हटली की द्या लाल, द्या हिरवं! त्यांना ते चित्र. इथं बाईचा जन्म गेला. कार्ड बघितलं तेव्हाच माझं डोकं फिरलं. लाज आहे का त्यांना? मेल्यांनो, तुमच्या विधवांना आम्ही इथं बसून मुंडावळ्या बांधतो का?”

तो खरोखरच संतापला होता. त्याच्या गळ्यातलं चांदीत मढवलेलं लिंग छातीवर हलत होतं.

“मग मी निघालो. दिसेल तिथलं कार्ड उचललं. स्टेशनावरच्या दुकानातलं, न्हाव्याच्या आरशात खोचलेलं, कापडवाल्याच्या गल्ल्यामागचं. एक तर मी साहेबाच्या बंगल्यातून चोरलं, कुत्रा मागं लागला. बाईची अब्रू अशी बाजारात नको, म्हणून. वर्षानुवर्षं गोळा केली. सगळी हाती लागली, एकच सुटलं. ते सांगोल्याला गेलं.”

“मला का न्हाय सांगितलं मग?” केराबाईनं विचारलं. “दोनदा आले मी.”

म्हातारा सतरंजीचा एक निघालेला दोरा बोटाला गुंडाळत राहिला. “तोंड कुठलं दाखवू?” तो म्हणाला. “आमच्या दुकानाचा फोटो. दोष जर्मनीचा, पण दुकान आमचं की.”

खालच्या गल्लीतून पद्मसाळी विणकरांच्या मागांचा ठकठक आवाज येत होता. जोतीरामनं हात लांब केला आणि गठ्ठ्यातलं एक कार्ड उचललं. त्यानं ते कडेला धरलं नाही, सरळ मुठीत धरलं, भाकरी धरावी तसं.

“ह्येच,” तो म्हणाला. “ह्येच हुतं. मी पाच वर्सांचा असंन. काकानं बाजारातनं आणलं, समद्या भावकीला दावलं, आन् सांजच्याला चुलीत घातलं. मी लई रडलो. काकीनं इच्चारलं, कशाला रडतुयास? मी म्हनलो, आय जळतीया.” तो थांबला. “नंतर मला कुणाचं तोंड आठवंना. आय म्हनलं की ह्येच आठवायचं. ह्या बांगड्या.”

केराबाईनं पदराचा शेव तोंडात घातला.

“अण्णा, म्हंजी ह्यो निस्ता रंग?” जोतीरामनं विचारलं. “खरं सांगताय न्हवं?”

“रंग,” मल्लप्पा म्हणाला. “जर्मनीचा रंग. सिद्धेश्वराची आण.”

जोतीराम पुढं सरकला. मधलं हातभर अंतर संपलं. त्यानं आपल्या मोठ्या हातानं ते कार्ड तिच्या मांडीवर ठेवलं, जपून, जसं काही तो तिचंच काहीतरी परत करत होता. पटका उचलून डोक्याला गुंडाळला. गुंडाळताना त्याचं तोंड झाकलं गेलं, आणि त्या झाकलेल्या तोंडातून तो म्हणाला:

“ऊठ, आय. बोचकं बांध. सकाळच्या गाडीला दोघं जाऊ. भावकीला मी सांगतो.”

आय. केराबाईला वाटलं होतं, हा शब्द ऐकला की आपण तिथंच कोसळू. तसं काही झालं नाही. तिचे हात फक्त कार्डावरून फिरत राहिले, कापडाचा पोत बघावा तसे. “एवढं बघू दे,” ती म्हणाली. “मी अजून बघितलंच न्हाय रं.” आणि ती खिडकीच्या उजेडाकडे सरकली आणि तिनं कार्ड नाकाजवळ नेलं.

एकोणीस-वीस वर्षांची पोरगी. बापरे, किती बारीक होते मी. घागरीच्या काठाशी बोटं आवळलेली. मनगटात हिरव्या बांगड्या, दोन्हीकडे सारख्या. आणि कपाळावर कुंकू.

ती ते बघत राहिली.

मग तिनं मान फिरवून सतरंजीवर मांडलेली बाकीची कार्डं बघितली. ती गुडघ्यांवर रांगत त्यांच्यापाशी गेली, एकेका कार्डावर वाकली. बाजारातल्या माळणी: कपाळाच्या मधोमध गोल टिकला, वाटाण्याएवढा. देवळाच्या पायरीवरची पुजाऱ्याची बायको: गोल टिकला. एका कार्डात बुरखा मागं टाकलेली मुसलमानाची म्हातारी होती, तिलाही गोल टिकला. घाटावर पाण्यात बसलेल्या एका म्हशीच्या कपाळावरही त्यांनी तोच टिकला ठेवून दिला होता. सगळे एका मापाचे, एका बोटानं दाबल्यासारखे.

ती जागेवर परत आली. हातातल्या कार्डावर, त्या पोरीच्या कपाळावर तिनं आपला अंगठा ठेवला. अंगठ्याखाली सगळं कपाळ झाकलं गेलं.

“काय झालं गं, आय?” जोतीरामनं विचारलं.

“काय न्हाय.”

“चल मग.”

ती उठली. एक हात पोराच्या खांद्यावर टेकला. तो खांदा पुढं झुकलेला होता, बापासारखाच. अंगठा कार्डावरून हलला नव्हता. दारापर्यंत चार पावलं होती. त्यातली दोन झाली.

मल्लप्पाही उठला होता. त्याच्या तोंडावर पुन्हा रंग चढला होता. मघाचा हत्तीवाला आवाज परत आला होता.

“पोरा, गावात सगळ्यांना सांग,” तो म्हणाला. “म्हणावं, सोलापुरात मल्लप्पा म्हणून एक माणूस आहे. जर्मनीनं आमच्या घरातल्या बाईची अब्रू घेतली, त्यानं ती दारोदार फिरून गोळा केली. चोवीस वर्षं सांभाळली. बादशहाला पत्र लिहिलं. एवढं कोण करतं आजकाल? पाठचा भाऊ करायचा नाही. तंगी, तूही सांग तुझ्या नातवंडांना. म्हणावं, मल्लप्पा होता म्हणून तुमची आजी तुम्हाला मिळाली.”

केराबाई थांबली. तिनं पोराच्या खांद्यावरचा हात काढला.

“आय?” जोतीराम म्हणाला. “बोचकं—”

“थांब जरा.”

ती वळली, आल्या पावली परत गेली आणि म्हाताऱ्याच्या समोर, सतरंजीच्या मधोमध बसली. किल्ला, चिमणी, म्हैस तिच्या लुगड्याखाली गेली. तिनं कार्ड त्याच्यापुढं धरलं आणि अंगठा उचलला. मग ती बोलली. साच्याच्या आवाजावरून हाक मारायची सवय असलेल्या बाईचा तो आवाज होता. खालच्या गल्लीतले माग क्षणभर थांबल्यासारखे वाटले.

“समद्या बायांस्नी गोल टिकला, अण्णा. म्हशीला बी गोल. आन् मला एकलीला आडवी चिरी, ह्या भुवईपासनं त्या भुवईपर्यंत, आमच्या सांगोल्याकडं लावत्यात तशी. जर्मनीतल्या मानसाला ती कुणी दावली? खोटं बोलताय तुमी. काच जायाच्या आदीच ह्यो रंग तुमी भरलाय, तुमच्या ह्या हातानं.”